कव्हर चार्ज, दोन सेट आणि तळघर : न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमधल्या जॅझ क्लबात पाऊल टाकलं की काही गोष्टी हमखास दिसतात. खोली लहान, बरेचदा तळघरातली, छत बुटकं. दारात कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशाचे पैसे, आणि टेबलापाशी बसलं की किमान एक पेय घेण्याची सक्ती. रात्रीचे दोन सेट, म्हणजे सलग वादनाचे दोन टप्पे, प्रत्येकी साधारण सव्वा तासाचे. पहिला संपला की अनेक ठिकाणी खोली रिकामी करून दुसऱ्या सेटचे श्रोते आत घेतले जातात. मंचावर चार-पाच वादक. कोणी नाचत नाही, कोणी मोठ्यानं बोलत नाही. नव्या श्रोत्याला वाटतं, या संगीताचा स्वभावच असा असणार. पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कायद्यातून, करातून किंवा भाड्याच्या हिशोबातून आलेली आहे. त्याच चौकटीत या संगीतानं आपला आजचा आकार घेतला.

सुरुवात दारूबंदीपासून करावी लागते. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूविक्री बेकायदा ठरली आणि शहरातला रात्रीचा धंदा चोरट्या दारूअड्ड्यांकडे गेला. उत्तर मॅनहॅटनमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला कॉटन क्लब हा त्या काळातला सर्वांत झगमगीत अड्डा. १९२३ मध्ये तो गुंडांच्या टोळीच्या हाती आला. मंचावर सगळे कृष्णवर्णीय कलाकार, प्रेक्षकांत मात्र फक्त गोऱ्यांना प्रवेश. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद डिसेंबर १९२७ पासून तिथे वाजवू लागला. रेडिओवरून त्याचं प्रक्षेपण देशभर जाई. तिथलं संगीत नाच आणि दिखाऊ कार्यक्रमांच्या तालावर बेतलेलं होतं. नुसतं ऐकायला कोणी येत नव्हतं.

डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली आणि चित्र पालटलं. मॅनहॅटनच्या ५२व्या रस्त्यावर, पाचव्या आणि सहाव्या अव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यात, तपकिरी दगडाची जुनी राहती घरं होती. त्यांच्या तळमजल्यांत आणि तळघरांत चालणारे अड्डे आता परवाना घेऊन उजळ माथ्यानं उभे राहिले. ही घरं रुंदीला अरुंद आणि मागे लांब. एका टोकाला छोटा मंच, मध्ये एकमेकांना खेटलेली टेबलं. पंधरा जणांचा बिग बँड तिथे मावायचा कसा? काउंट बेसीचा अख्खा वाद्यवृंद १९३८ मध्ये ‘फेमस डोअर’मध्ये वाजला खरा, पण तो अपवाद. त्या रस्त्याचं रोजचं गणित चार ते सहा वादकांचंच होतं. थोडक्या वादकांत प्रत्येकाला लांब सोलो, म्हणजे एकट्यानं पुढे येऊन वाजवायची संधी, मिळतो आणि श्रोता हात लांबवला तर सॅक्सोफोनला लागेल इतका जवळ बसतो. छोट्या संचाच्या जॅझला इथे घर मिळालं.

डिसेंबर १९३८ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या शेरिडन स्क्वेअरच्या एका तळघरात बार्नी जोसेफसननं ‘कॅफे सोसायटी’ उघडली. इथे काळे-गोरे श्रोते एकाच टेबलापाशी बसत. गायिका बिली हॉलिडेनं झुंडबळींवरचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ १९३९ मध्ये इथेच गायलं. गाणं सुरू होण्याआधी वेटरनी सेवा थांबवायची, दिवे मालवायचे आणि फक्त तिच्या चेहऱ्यावर प्रकाश ठेवायचा, असा दंडक होता. क्लबमध्येही लोकांना गप्प बसवता येतं, हे इतक्या ठामपणे आधी क्वचितच कोणी दाखवलं असेल.

वादकांची स्वतःची प्रयोगशाळा मात्र हार्लेममध्ये होती. ११८व्या रस्त्यावरच्या सेसिल हॉटेलातलं मिंटन्स प्लेहाऊस १९३८ मध्ये सुरू झालं. १९४० पासून बँडप्रमुख टेडी हिल ते चालवू लागला आणि त्यानं पियानोवर थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क असा कायमचा संच बसवला. वादकांच्या संघटनेला फुकटचे जॅम सेशन, म्हणजे ठरवून न केलेल्या उत्स्फूर्त मैफिली, मान्य नव्हते. पकडला गेला तर वादकाला दंड होई. पण क्लबचा मालक हेन्री मिंटन स्वतः त्याच संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेचा, लोकल ८०२ चा, पहिला कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, त्यामुळे त्याच्या जागेकडे काणाडोळा केला जाई. बीबॉप, म्हणजे छोट्या संचाचं वेगवान आणि गुंतागुंतीचं जॅझ, तिथे रुजलं त्यामागे हे अगदी व्यवहारी कारण आहे. पुढे १ ऑगस्ट १९४२ पासून संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. रेकॉर्ड कंपन्यांनी मागण्या मान्य करायला एक-दोन वर्षं घेतली, आणि त्या काळातली बीबॉपची पहिली पावलं तबकड्यांवर फारशी उतरलीच नाहीत. ती ज्यांनी ऐकली त्यांनी बहुतेक क्लबात बसूनच ऐकली.

‘जॅझवर लोक नाचायचे कधी थांबले?’ या प्रश्नाचं उत्तर देताना समीक्षक सौंदर्यशास्त्राकडे वळतात. त्यांनी आधी करखात्याकडे बघावं. १९४४ मध्ये अमेरिकी सरकारनं युद्धखर्चासाठी करमणुकीच्या जागांवर ३० टक्के कर बसवला. गिऱ्हाईक रोडावलं तसा काही महिन्यांतच तो २० टक्के केला गेला. दर खाली आला तरी तो बराच काळ टिकला. तो लागे गाणं किंवा नाच असलेल्या जागांना. नुसतं वाद्यसंगीत वाजणारी आणि नाचायला जागा नसलेली खोली त्यातून सुटे. मालकानं नाचाची फरशी काढून तिथे टेबलं मांडली की कर वाचे आणि बसायच्या जागाही वाढत. बीबॉपचा वेग आणि त्याची गुंतागुंत आपल्या जागी आहेच, पण श्रोत्याला खुर्चीत बसवलं ते या करानं. ड्रमर मॅक्स रोचनंही नंतर या कराकडेच बोट दाखवलं होतं.

दुसरा फास पोलिसांचा होता. १९४० ते १९६७ या काळात न्यूयॉर्कमध्ये दारू विकली जाणाऱ्या जागेत काम करायचं तर वादकाला कॅबरे कार्ड लागायचं. बोटांचे ठसे देऊन ते पोलिसांकडून घ्यावं लागे, आणि अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की ते सहसा हातचं जाई. बिली हॉलिडेला १९४७ मध्ये शिक्षा झाली. सुटल्यावर २७ मार्च १९४८ रोजी कार्नेगी हॉल तिच्यासाठी खच्चून भरला, कारण सभागृहात कार्डाची अट नव्हती. शहरातल्या क्लबांची दारं मात्र तिला बंदच राहिली. मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं आणि १९५७ मध्येच परत मिळालं. ऐन उमेदीतली सहा वर्षं तो आपल्याच शहरातल्या क्लबांत उजळपणे वाजवू शकला नाही. त्या वर्षांत त्याला वेडगळ ठरवणाऱ्या बऱ्याच टीकाकारांनी त्याला प्रत्यक्ष फारसं ऐकलेलंही नसणार, आणि हा अन्याय आजही खुपतो.

कार्ड परत मिळाल्यावर त्यानं जे केलं त्यातून क्लबची खरी ताकद कळते. कूपर स्क्वेअरवरच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या छोट्या बारमध्ये १९५७ च्या उन्हाळ्यापासून वर्षअखेरीपर्यंत मंकचा संच वाजत राहिला, सोबत टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. त्याच रचना, तोच पियानो आणि रात्रीतून अनेक सेट. मंक मध्येच पियानो सोडून उठे, तेव्हा कोल्ट्रेनला नुसत्या बेस आणि ड्रम्सच्या साथीवर लांबच लांब वाजवावं लागे. तालमीच्या खोलीत अशी तयारी होत नाही. १९५९ च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन याच मंचावर आला. त्याचा दोन आठवड्यांचा करार लांबत काही महिन्यांवर गेला.

सेटची रचना या दीर्घ मुक्कामातूनच आली. न्यूयॉर्कमध्ये पहाटे चारपर्यंत दारू विकता येते, त्यामुळे जुन्या काळी रात्री नऊ-साडेनऊला सुरुवात करून तीन किंवा अधिक सेट होत. संच सहसा मंगळवार ते रविवार बांधलेला असे. मालकाचं उत्पन्न पेयांवर होतं, म्हणून सेटच्या मधली विश्रांती त्याच्या दृष्टीनं महत्त्वाची, कारण लोक उठतात आणि पुन्हा मागवतात. आता भाडं इतकं वाढलंय की मालक एका खुर्चीवर रात्रीत दोन गिऱ्हाइकं बसवतो आणि प्रत्येकाकडून वेगळा कव्हर घेतो. तिकीट काढताना पैसे एका सेटचे आहेत की रात्रभराचे, हे आधी विचारून घ्यावं. एकच निवडायचा असेल तर दुसरा सेट घ्यावा. पहिल्यात वादक खोलीचा आवाज जोखत असतात आणि घड्याळाकडेही लक्ष ठेवून असतात. दुसऱ्याच्या पुढे काही बांधलेलं नसतं, त्यामुळे रचना लांबतात. आठवडाभराचा मुक्काम असेल तर मंगळवारपेक्षा शनिवार-रविवारी संच जास्त सैल आणि धीट झालेला सापडतो.

आठवडाभराची ही रीत आजही नेटानं पाळणारा क्लब म्हणजे सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवरचा ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’. मॅक्स गॉर्डननं १९३५ मध्ये तो सध्याच्या जागेत आणला. सुरुवातीला तिथे कवी, विनोदवीर आणि लोकगायक असत. पूर्णपणे जॅझकडे तो वळला १९५७ मध्ये. पायऱ्या उतरून गेलं की त्रिकोणी आकाराचं तळघर, १२३ जणांची जागा, आणि मंच त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाला. आवाज त्या टोकातून बाहेरच्या बाजूला पसरत जातो, समोरासमोरच्या भिंतींत आदळून घुमत राहत नाही. म्हणून इथे झालेली ध्वनिमुद्रणं इतकी स्वच्छ आहेत.

त्यांतलं सर्वांत गाजलेलं २५ जून १९६१ चं. तो रविवार होता. पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट वाजवले. पहिलीच रचना मुद्रित होत असताना क्षणभर वीज गेली आणि फीत तुटक राहिली. पेल्यांचा किणकिणाट, हसणं, कुजबुज, सगळं टेपवर आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. त्या टेपवर बेसचा सोलो आला की बोलणं जास्त ऐकू येतं, आणि त्याचं कारण साधं आहे. तेव्हा बेसला अ‍ॅम्प्लिफायर क्वचितच असे. सोलोच्या वेळी बाकीचे आवाज उतरवतात आणि श्रोत्यांना वाटतं, आता बोलायला हरकत नाही. चार्ल्स मिंगस हा स्वतः बेसवादक, आणि या सवयीचा त्याला मनस्वी राग. १९६० मध्ये स्टुडिओत मुद्रण करतानासुद्धा, समोर क्लब आहे असं धरून, त्यानं पेल्यातला बर्फ वाजवू नका आणि गल्ल्याची घंटा वाजू देऊ नका, असं बजावून सांगितलं. आजच्या क्लबांतले शांततेचे नियम अशाच वादकांच्या हट्टातून आले.

खाण्यापिण्याच्या जागेत संगीत किंवा नाच ठेवायला परवाना सक्तीचा करणारा शहराचा १९२६ चा कॅबरे कायदा या सगळ्यांहून चिवट निघाला. त्यात १९६१ मध्ये एक सवलत आली. तीनपर्यंत वादक असलेल्या जागेला कॅबरे परवाना नको, पण वाद्यं पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार किंवा तंतुवाद्यच हवीत. ड्रम्स, सॅक्सोफोन, ट्रम्पेट बाद. सत्तरच्या दशकात पियानो आणि बेसच्या जोड्या शहरभर का ऐकू येत, त्याचं एक मोठं कारण हेच. युनिव्हर्सिटी प्लेसवरचं ‘ब्रॅडलीज’ अशा जोड्यांसाठी प्रसिद्ध होतं. सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडनं मृत्युपत्रात आपला पियानो त्याच जागेला ठेवला. वादकांनी कोर्टात धाव घेतल्यावर १९८६ मध्ये वाद्यांवरची आणि १९८८ मध्ये संख्येवरची बंधनं गेली. नाचावरचा उरलेला भाग २०१७ मध्ये रद्द झाला.

‘स्मॉल्स’ १९९४ मध्ये ग्रीनिच व्हिलेजच्या एका तळघरात उघडलं तेव्हा तिथे दारूचा परवानाच नव्हता. दहा डॉलर द्यायचे आणि पहाटेपर्यंत बसायचं. पेयांवर धंदा न करता उभा राहिलेला हा क्लब म्हणजे जुन्या हिशोबाला दिलेलं प्रत्यक्ष आव्हान होतं, आणि तिथल्या पहाटेच्या जॅम सेशनमधून एक अख्खी पिढी घडली.

व्हॅनगार्डमध्ये सोमवारी वेगळा प्रकार असतो. ७ फेब्रुवारी १९६६ रोजी ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुइस यांनी तिथे आपला वाद्यवृंद बसवला. सोमवार हा क्लबांचा मंदीचा दिवस, आणि दिवसा स्टुडिओत कामं करणारे वादकही त्या रात्री मोकळे. आज तो व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा म्हणून सोमवारीच वाजतो. ५२व्या रस्त्यावर न मावणारा सोळा जणांचा ताफा इथे त्रिकोणाच्या टोकात दाटीवाटीनं बसतो. पुढच्या टेबलावर बसलं तर सॅक्सोफोनची रांग स्पष्ट मिळते, पण मागचे ट्रम्पेट डोक्यावरून जातात आणि पियानो बुडतो. सगळे विभाग तोलात ऐकायचे तर भिंतीलगतच्या बाकांवर, मंचापासून खोलीच्या साधारण मध्यावर बसावं. जागा आधी येईल त्याला मिळते, म्हणून दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहिलेलं बरं.