जी प्रथिन-संलग्न ग्राही : पेशीतील संदेशवहन

जी प्रथिन-संलग्न ग्राही हे पेशीपटलातील ग्राहींचे, म्हणजे बाहेरचा संदेश टिपून आत पोचवणाऱ्या प्रथिनांचे, सर्वांत मोठे कुल. मानवी जनुकसंचात या ग्राहींची सुमारे ८०० जनुके असून त्यांतली निम्म्याच्या आसपास गंधज्ञानाच्या कामी लागलेली आहेत. ॲड्रेनॅलिन, ॲसिटिलकोलीन, डोपामीन, हिस्टामीन, ग्लुकागॉन हे रासायनिक संदेश तर सोडाच, डोळ्यात शिरलेला प्रकाशही याच कुलातील ऱ्होडॉप्सिनमार्फत पेशीला कळतो. वापरातील औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे या ग्राहींवर काम करतात.

रचना साधी आहे. एकच प्रथिनसाखळी सर्पिलांच्या रूपात पटल सात वेळा ओलांडते. अमिनो टोक पेशीबाहेर, कार्बॉक्सिल टोक आत. बाहेरून संदेशरेणू बसला की सहावे सर्पिल आतल्या टोकाशी बाजूला सरकते आणि तिथे खाच तयार होते. बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राही (ॲड्रेनॅलिनचा एक ग्राही) व जीएस (जी प्रथिनाचा एक प्रकार) यांच्या जोडीची स्फटिकरचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हे सरकणे सुमारे १४ अँगस्ट्रॉम असल्याचे दिसले. या कामात आघाडीवर असलेले ब्रायन कोबिल्का यांना रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्यासह २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या खाचेत जी प्रथिन, म्हणजे संदेश पुढे नेणारे पेशीतले प्रथिन, बसते. त्याचे अल्फा, बीटा व गॅमा असे तीन उपएकक असतात आणि विश्रांतीत अल्फाने जीडीपी (दोन फॉस्फेटांचा ग्वानोसिन रेणू) धरून ठेवलेला असतो. ग्राही स्वतः काही तोडत वा जोडत नाही; तो अल्फाची जीडीपीवरची पकड सैल करतो, एवढेच. पेशीत जीटीपीचे (तीन फॉस्फेटांच्या तशाच रेणूचे) प्रमाण जीडीपीपेक्षा बरेच जास्त असल्याने रिकाम्या जागी जीटीपी शिरतो. मग अल्फा हा बीटा-गॅमा जोडीपासून सुटतो आणि दोघेही आपापल्या लक्ष्याकडे वळतात. अल्फा स्वतःजवळच्या जीटीपीचे सावकाश विघटन करून जीडीपी बनवतो आणि जोडी पुन्हा जुळते. म्हणजे अल्फा ही कळही आहे आणि ती किती वेळ चालू राहायची हे ठरवणारे घड्याळही. आरजीएस नावाची नियंत्रक प्रथिने हे विघटन बरेच जलद करतात. विद्यार्थी कळ चालू होण्याचे टप्पे पाठ करतात आणि बंद होण्याचे टप्पे वरवर वाचून सोडतात. रुग्णालयात मात्र गाठ बहुधा या दुसऱ्या भागाशीच पडते.

अल्फाचे चार गट आहेत. कंसात त्यांना चालवणारे ग्राही दिले आहेत : अल्फा-१, अल्फा-२ व बीटा ॲड्रेनॅलिनचे, डी डोपामीनचे, एच हिस्टामीनचे, एम ॲसिटिलकोलीनचे, व्ही व्हॅसोप्रेसिनचे, एटी अँजिओटेन्सिनचे, टीएसएच थायरॉइड-उद्दीपक संप्रेरकाचा आणि म्यू अफूवर्गीय द्रव्यांचा. जीएस (बीटा ग्राही, डी१, एच२, व्ही२, टीएसएच) ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चेतवते आणि चक्रीय एएमपी हा पेशीतला दुय्यम संदेशवाहक वाढवते. जीआय (अल्फा-२, एम२, डी२, म्यू ओपिऑइड) त्याच एन्झाइमला रोखते. जीक्यू (अल्फा-१, एम१, एम३, एच१, एटी१) फॉस्फोलायपेज-सी-बीटा हे एन्झाइम चालू करते. त्यातून पटलातील पीआयपी२ हा मेदरेणू तुटून आयपी३ व डीएजी हे दोन संदेशवाहक मिळतात. आयपी३ अंतर्द्रव्य जालिकेतून कॅल्शियम सोडतो, डीएजी पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी (कायनेज म्हणजे फॉस्फेट जोडणारे एन्झाइम) जागे करतो. जी१२/१३ चा मार्ग ऱ्होए या लहान जीटीपी-प्रथिनाकडून पेशीच्या सांगाड्याकडे जातो.

चक्रीय एएमपी प्रामुख्याने प्रोटीन कायनेज-ए मार्फत बोलतो, पण अर्थ ऐकणारी पेशी ठरवते. हृदयस्नायूत हे कायनेज एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या व फॉस्फोलॅम्बन (कॅल्शियम पंपाचे नियंत्रक प्रथिन) यांना फॉस्फेट जोडते, त्यामुळे आकुंचन जोरकस होते आणि शिथिलीकरणही वेगाने होते. श्वासनलिकेच्या गुळगुळीत स्नायूत तोच रेणू मायोसिन लाइट चेन कायनेज या आकुंचन घडवणाऱ्या एन्झाइमचे काम मंदावतो आणि स्नायू सैलावतो. ‘चक्रीय एएमपी वाढला म्हणजे स्नायू आकुंचन पावतो’ असे सरसकट उत्तर म्हणूनच चुकते. हा रेणू नष्ट करण्याचे काम फॉस्फोडायस्टरेज या एन्झाइमचे. मिलरिनोन व थिओफिलिन ही औषधे त्यालाच अडवतात.

बीटा-गॅमाला पुष्कळदा नुसता सोबती समजले जाते, ते बरोबर नाही. व्हेगस चेतेमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, त्यात एम२ ग्राहीकडून सुटलेली बीटा-गॅमा जोडी थेट पोटॅशियम वाहिनी उघडते. मध्ये कोणताही दुय्यम संदेशवाहक नसल्याने परिणाम झटपट दिसतो.

आता घड्याळ बिघडल्यावर काय होते ते पाहू. कॉलऱ्याचे विष जीएस-अल्फाच्या २०१ क्रमांकाच्या अर्जिनीन या अमिनो आम्लाला एडीपी-रायबोज हा रासायनिक गट जोडते. जीटीपीचे विघटन थांबते, आतड्याच्या पेशीत चक्रीय एएमपी चढत राहतो, सीएफटीआर वाहिनीतून क्लोराइड बाहेर पडते आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी. सोडियम-ग्लुकोजचे संयुक्त शोषण मात्र शाबूत राहते, म्हणून तोंडावाटे दिलेले क्षार-साखरेचे पाणी उपयोगी पडते. मॅक्क्यून-ऑलब्राइट विकारात जीएस-अल्फाच्या जीएनएएस जनुकातील उत्परिवर्तन नेमके त्याच अर्जिनीनवर येते. जीवाणू आणि उत्परिवर्तन दोघांनी एकच जागा हेरावी, हा योगायोग नव्हे. विघटन बंद पाडायला तेच मर्मस्थान आहे. उत्परिवर्तन गर्भात काही पेशींतच घडलेले असल्याने त्वचेवरील कॉफीरंगी डाग, अस्थींतील तंतुमय दोष आणि अकाली वयात येणे असे विखुरलेले चित्र दिसते.

डांग्या खोकल्याचे विष याउलट जीआय-अल्फाला बदलते आणि त्याला ग्राहीशी जुळूच देत नाही. चक्रीय एएमपी इथेही वाढतो, पण कारण वेगळे : एकात चेतवणारा थांबत नाही, दुसऱ्यात रोखणारा कामावरच येत नाही. परीक्षेत हा फरक विचारावाच असा आहे.

ग्राहीच्या पातळीवरही संदेश थांबवला जातो. संदेशरेणू बसलेल्या ग्राहीच्या आतल्या भागाला जीआरके एन्झाइमे फॉस्फेट जोडतात, त्यावर अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसते आणि जी प्रथिनाची वाट अडते. पुढे क्लॅथ्रिन प्रथिनाने मढवलेल्या पटलाच्या खळग्यातून ग्राही पेशीत ओढला जातो; तिथून तो पटलावर परततो किंवा लायसोसोममध्ये संपतो. जुनाट हृद्‌निकामीत नॉरॲड्रेनॅलिनचा मारा सतत चालल्याने जीआरके२ वाढते आणि बीटा-१ ग्राही घटतात. बीटा ग्राही अडवणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांनी अशा रुग्णांचे आयुष्य वाढते, त्यामागे या माऱ्यापासून मिळणारे संरक्षण हे एक कारण मानले जाते.

अरेस्टिन केवळ थांबवत नाही. ते ईआरके कायनेजसारखे मार्ग एकत्र आणू शकते, आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीसारखे काही ग्राही पेशीत ओढले गेल्यावरही एंडोसोमच्या (पेशीत ओढलेल्या पटलाच्या पिशवीच्या) पटलावरून चक्रीय एएमपी निर्माण करवतात. यातूनच एका मार्गाकडे झुकणाऱ्या औषधांची कल्पना आली : जी प्रथिन चालवायचे, अरेस्टिन टाळायचे. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेले वेदनाशामक ओलिसेरिडीन याच विचारातून आले. मात्र श्वसन मंदावण्याचा दोष अरेस्टिनकडे जातो, या मूळ गृहीतकाला नंतरच्या उंदरांवरील प्रयोगांनी आधार दिला नाही, आणि या औषधाच्या माहितीपत्रकातही श्वसनाबाबतचा इशारा इतर ओपिऑइडांइतकाच ठळक आहे.