मेंदीच्या वासानं साप येते म्हणे!

न्हाणीला आडोसा म्हणून मेंदी लावतो म्हटलं की शेजारची आजी हमखास म्हणते, नको रे बाप्पा, फुलाच्या वासानं साप येते. रातराणीचंही तेच. पिढ्यानपिढ्या चालू हाय हे.

आता साप जीभ बाहेर काढून हवेतले कण टाळूतल्या वास ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेतो अन् शोधतो काय तर उंदीर, बेडूक, पाल, फुलाशी त्याला काय घेणंदेणं? मेंदीत साप दिसतो हे खरंय, पण काहून, तर बुडाशी पालापाचोळा साचलेला, बाजूला तुराट्यांचा ढीग, कोंबड्यांचे दाणे सांडलेले, त्याच्यावर उंदीर, आणि मे महिन्यात 45 डिग्रीच्या उन्हात तिथंच काय ती सावली. मेंदी उपटून वाळल्या पऱ्हाट्यांचं कुंपण करणारे पाहिले की हसूच येतं, लपायला ते काय कमी हाय का?

मेंदी पावसाळ्यात काड्या खोचून लागते, छाटत गेलं की दाट होते. फक्त बुडाची वीतभर जागा उघडी ठेवा, झाडून काढत जा, सरपण लांब रचा. अन् रात्री न्हाणीकडे जाताना टॉर्च घ्याच, मण्यार रात्रीच फिरते.