रानबदके आणि पाणथळी

रानबदके, कादंब आणि हंस हे ॲनाटिडी या एकाच कुलातले पक्षी आहेत. कादंब म्हणजे व्यवहारात ज्यांना गूज म्हणतात ते. या कुलात सुमारे १७० जाती असून अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर त्या आढळतात. वारकरी, टिबुकली, पाणकोंबडी हे पक्षी त्याच पाण्यावर वावरतात आणि लांबून बदकांसारखेच वाटतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. पाळीव बदकांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

बदकांना पाणी लागते, हे खरे असले तरी त्यावरून बराच गैरसमज होतो. खोल, काठोकाठ भरलेल्या, दगडी कडांच्या जलाशयावर बदके उतरतात आणि विसावतातही, पण तिथे बहुतेकांचे पोट भरत नाही. चारा मिळतो तो पाणी आणि जमीन यांच्यामधल्या उथळ पट्ट्यात, जो काही महिने बुडलेला असतो आणि काही महिने उघडा पडतो. दलदल, ओलसर गवताळ माळ, नदीकाठचे डोह, खाजणे, खाडीतले चिखलाचे पट्टे, हंगामी तळी या सगळ्यांना मिळून पाणथळ म्हणतात. पाणथळींच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराने व्याख्या आणखी सैल ठेवली आहे : ओहोटीच्या वेळी ६ मीटरपर्यंत खोल असलेले सागरी पाणीही तीत बसते.

चोच, पाय आणि पिसे

बदक काय खाते हे त्याच्या चोचीवरून सांगता येते. थापट्या या बदकाची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला फावड्यासारखी पसरट असते. तिच्या कडांना आतून कंगव्याच्या दातांसारखी बारीक झालर असते. मान ताणून, चोच पाण्याला टेकवून थापट्या पुढे सरकत राहतो. जिभेच्या हालचालीने पाणी चोचीत येते, कडेने बाहेर पडते आणि झालरीत बारीक पाणकिडे व बिया उरतात. पुष्कळदा थापट्यांचा थवा एकामागे एक लागून एकाच जागी गरगर पोहताना दिसतो. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले खाद्य मागचा गाळून घेत असतो. कादंबांची चोच याच्या अगदी उलट, आखूड आणि जाड. गवत खुडायला योग्य.

तलवार बदक, चक्रांग, हळदीकुंकू बदक ही पाण्याच्या वरच्या थरात चरणारी बदके. खाली पोहोचायचे असेल तर ती शेपटी आकाशाकडे करून उलटी होतात. मान जेवढी लांब तेवढाच त्यांचा हात पोहोचतो. म्हणून एकाच तळ्यावर खोलीनुसार वाटणी झालेली असते. इवलासा चक्रांग काठाच्या बोटभर पाण्यात चिखल चाळतो, तर लांब मानेचे तलवार बदक त्याच्या पलीकडच्या पट्ट्यात उलटे होते. पाणी दोन वितींनी वाढले तरी ही सगळी वाटणी बिघडते. लालसरी आणि शेंडी बदक बुड्या मारणारी. त्यांचे पाय शेपटीकडे सरकलेले असतात, त्यामुळे पाण्याखाली ती चपळ असतात, पण जमिनीवर त्यांची चाल अवघडते. उथळ पाण्यातली बदके जागच्या जागी उसळी घेऊन उडतात. बुड्या मारणाऱ्यांना मात्र पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो, म्हणून त्यांना मोकळे, लांबरुंद पाणी लागते.

पिसे कोरडी राहतात ती मुख्यतः त्यांच्या घट्ट गुंफणीमुळे. पिसाचे बारीक तंतू एकमेकांत अडकून घट्ट कापडासारखा पापुद्रा तयार होतो, आणि शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचे तेल चोचीने चोपडून बदक तो लवचीक ठेवते. वर्षातून एकदा, बहुतेक जातींत विणीनंतर, पंखांची उड्डाणपिसे एकदमच गळतात. पुढचे तीन ते पाच आठवडे पक्ष्याला उडता येत नाही. भडक रंगांचे नरसुद्धा या काळात मादीसारखे मळकट दिसतात आणि लव्हाळ्यात दडून राहतात. सुरक्षित आणि भरपूर चाऱ्याची जागा एवढ्यापुरती मिळाली नाही तर काय होईल, याची कल्पना करता येते. वायव्य युरोपातील शाही चक्रवाक या बदकांपैकी फार मोठा भाग पिसे झडताना जर्मनीच्या वॉडन समुद्रातील चिखलपट्ट्यांवर एकवटतो. त्या वेळी तो किनारा बिघडला तर देशोदेशींच्या पक्ष्यांना त्याचा फटका बसेल.

पाण्याचे चढणे आणि उतरणे

पाणथळीची खरी सुपीकता पाण्याच्या चढउतारात आहे. पाणी ओसरले की तळच्या गाळाला हवा लागते, कुजलेले द्रव्य भराभर विघटित होते आणि अडकलेली पोषकद्रव्ये मोकळी होतात. उघड्या चिखलात एका हंगामाच्या वनस्पती उगवतात आणि भरपूर बी धरतात. पाणी परत येते तेव्हा ते बी बदकांच्या आवाक्यात बुडालेले असते, आणि कुजणाऱ्या देठांवर डासमाश्यांच्या अळ्या व गोगलगायी फोफावतात. वर्षानुवर्षे एकाच पातळीवर राखलेल्या तळ्यात ही उलाढाल थंडावते. आटलेले तळे पाहून हळहळणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते, पण ते सांगितलेच पाहिजे.

अळ्यांचे महत्त्व विशेषतः विणीच्या वेळी कळते. एरवी बियांवर राहणारी मादी अंडी घालण्याआधी प्रथिने आणि कॅल्शियम यांसाठी किडे व गोगलगायी शोधते. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर दिवसाभरात आईमागे पाण्यात उतरतात आणि आपले आपण खातात. पहिले काही आठवडे त्यांना प्रामुख्याने किडेच लागतात. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात हिमयुगातील बर्फ मागे हटताना लाखो लहान खळगे उरले. वसंतात वितळलेल्या पाण्याने ते भरतात आणि त्यांतले कित्येक उन्हाळ्यात आटतात. त्या खंडातील बदकांचा फार मोठा वाटा याच खळग्यांत जन्मतो.

मानवनिर्मित पाणथळींतही हाच चढउतार मुद्दाम घडवतात. वाढीच्या हंगामात दारे उघडून पाणी उतरवायचे, बी धरले की हळूहळू चढवायचे. कोणती वनस्पती उगवेल हे पाणी कधी आणि किती वेगाने उतरवले यावर ठरते. हे काम माळ्याच्या कसबाचे आहे.

केवळ कुंपण घातल्याने पाणथळ टिकत नाही, हे राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेवने दाखवले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुराम्हशींची चराई बंद करण्यात आली. म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते मग मोकाट वाढले. उघडे पाणी झाकले गेले आणि बदकांना चरायला जागा उरेना. हेतू चांगला होता, पण म्हशी त्या पाणथळीचा भाग बनल्या होत्या, हे लक्षात घेतले गेले नव्हते.

बदकेही पाणथळीला काही परत देतात. डार्विनने एका लहान तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजले. नाश्त्याच्या कपात मावेल एवढ्या त्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. पाणपक्ष्यांच्या पायांना असा चिखल लागून बिया दूरवर जात असणार, हे त्याचे अनुमान. बदकांच्या पोटातूनही बिया जिवंत बाहेर पडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मॅलार्ड बदकांना खाऊ घातलेल्या कार्प माशांच्या अंड्यांपैकी अगदी थोडी विष्ठेतून जिवंत बाहेर आली. एकाकी तळ्यांत मासे कसे पोहोचतात, या जुन्या कोड्याचे ते एक उत्तर असू शकते.

स्थलांतराची साखळी

उत्तरेत वीण करणाऱ्या बहुतेक जाती हिवाळ्यात दक्षिणेकडे येतात. पट्टकादंब मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतीय उपखंडात हिवाळा काढतो. त्याचे हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन पकडते; माग काढण्याची उपकरणे बसवलेले पक्षी ७,००० मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहेत. अशा प्रवासाला वीण, पिसझड, वाटेवरचा मुक्काम आणि हिवाळा यांसाठी वेगवेगळ्या पाणथळी लागतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील समुद्रगवत रोगाने मेले. विणीची जागा शाबूत असूनही ब्रँट कादंबांची संख्या कोसळली, कारण हिवाळ्यात ते त्या गवतावरच जगत असत.

ऱ्हास

दलदल म्हणजे रोगट, वाया गेलेली जमीन, ही समजूत शतकानुशतके धोरण म्हणून राबवली गेली. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांत १७८० ते १९८० च्या दशकांदरम्यान निम्म्याहून अधिक पाणथळी निचरा करून नाहीशा झाल्या. जगभरात १९७० ते २०१५ या काळात सुमारे ३५ टक्के पाणथळी गेल्या. इराकमधील टायग्रिस-युफ्रेटिसच्या दलदली १९९० च्या दशकात बांध घालून जाणूनबुजून कोरड्या केल्या गेल्या. २००३ नंतर लोकांनी बांध फोडल्यावर त्यांचा काही भाग पुन्हा ओला झाला. याहून कमी डोळ्यांत भरणारा पण तितकाच घातक प्रकार म्हणजे सुशोभीकरण. तळे खोल करायचे, काठाला भिंत आणि फरसबंदी करायची. तळे दिसते सुंदर, पण बदकांच्या ताटातले अन्न काढून घेतलेले असते.

शिकारीच्या बंदुकीतले शिशाचे छरे पक्ष्याला न लागताही मारतात. तळाशी पडलेले छरे बदके वाळूचे खडे समजून गिळतात. पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या जठरात, ते झिजून शिसे रक्तात मिसळते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत अशा छऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे, तर युरोपीय संघात पाणथळींत २०२३ पासून. उथळ, तापलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात बोटुलिझमचा जीवाणू विष बनवतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, विष त्यांच्यात साठते, त्यांना काही होत नाही. त्या मूठभर अळ्या खाणाऱ्या बदकाची मान लुळी पडते आणि ते बुडून मरते. मग त्याच्यात अळ्या पडतात. हे चक्र थांबवायचे तर मेलेले पक्षी तातडीने उचलणे हा मुख्य उपाय. २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरात अशाच साथीत हजारो पक्षी मेले.

संवर्धन

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेला करार हा पाणथळींसाठीचा पहिला जागतिक करार, आणि त्याच्या अधिकृत नावातच पाणपक्ष्यांचा अधिवास हे शब्द आहेत. नियमितपणे २०,००० पाणपक्षी असणारी, किंवा एखाद्या जातीच्या गटातील १ टक्का पक्षी पोसणारी पाणथळ त्याच्या यादीत येऊ शकते. म्हणून पक्ष्यांची मोजदाद महत्त्वाची. १९६७ पासून दर जानेवारीत होणारी आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना प्रामुख्याने हौशी निरीक्षकांच्या श्रमांवर उभी आहे. इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये स्थापलेल्या संस्थेत १९६४ पासून बेविक हंस चेहऱ्यावरून ओळखले जातात, कारण प्रत्येकाच्या चोचीवरील पिवळ्याकाळ्या रंगाची नक्षी वेगळी असते.

शिकारी हे पक्ष्यांचे शत्रूच, असे मानले जाते. १९३८ मध्ये केवलादेवला एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, हे आठवले की राग येतोच. पण अमेरिकेत १९३४ पासून प्रत्येक बदक-शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशांतून पाणथळी खरेदी करून राखल्या जातात, हेही तितकेच खरे आहे.

मादागास्कर लालसरीची गोष्ट या विषयातले बहुतेक धागे एकत्र आणते. अलाओत्रा सरोवराच्या दलदलीतून ती नाहीशी झाली आणि जात संपली असे मानले गेले. २००६ मध्ये बेटाच्या उत्तरेकडील ज्वालामुखीच्या लहान विवर-तळ्यावर थोडे पक्षी सापडले. तळे स्वच्छ होते, शांत होते, माणसांपासून दूर होते. तरी तिथली बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत उपासमारीने मरत, कारण पाणी खोल होते आणि काठचा उथळ चारा फारच थोडा. तिथून आणलेली अंडी उबवून पक्षी वाढवण्यात आले, आणि २०१८ च्या अखेरीस त्यांतले २१ सोफिया सरोवरावर सोडले गेले. सोडण्यापूर्वी त्यांना पाण्यावर तरंगत्या पिंजऱ्यांत ठेवले होते, म्हणजे त्याच पाण्यात बुडी मारून खायला ते शिकतील.