मिनी गोल्फचे जनक कार्टर? नाही!

मिनी गोल्फ, म्हणजे छोट्याशा मैदानावर हलक्या फटक्यांनी चेंडू भोकात घालायचा खेळ, 1927 च्या सुमारास अमेरिकेतल्या गार्नेट कार्टर यांनी शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांचा पटिंगचा (हलक्या फटक्यानं चेंडू भोकात ढकलण्याचा) क्लब 1867 मध्येच सुरू झाला होता. कार्टर यांनी 'टॉम थम्ब' नावानं तयार मैदानं विकली, एवढंच. त्यातली परीकथेची सजावटही बरीचशी पत्नी फ्रीडा यांची. सोलापूरकरांना गंमत वाटेल ती जमिनीची: गवताऐवजी चक्क सरकीची टरफलं! थॉमस फेअरबेर्न या गोल्फवेड्यानं ती वाळू, तेल नि रंगात कालवून थर बनवला. आपल्याला सरकी म्हटलं की म्हशीपुढची पेंडच आठवणार. 1930 नंतर लाट ओसरली, मैदानं बुजली. हरवलेले आराखडे शोधायला पेटंटची चित्रं, जुनी पोस्टकार्डं आणि गावोगावची वर्तमानपत्रं चाळावी लागतात.