फिरत्या पेटीपासून फीड रीडरपर्यंत

ग्रंथालयातल्या मंडळींना फीड रीडर, म्हणजे आवडत्या संकेतस्थळांवरचं नवं एका जागी आणून दाखवणारं साधन, शिकवायचं म्हटलं की गोष्ट सहसा १९९९ पासून सांगतात. बडोद्याच्या माणसाला मात्र सयाजीराव महाराजांपासून सुरुवात केल्याशिवाय राहवत नाही, आणि इथं ते रास्तही आहे.

महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. शाळा सुटल्यावर पोरं वाचायला विसरली तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून ग्रंथालयं हवीत. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. १९१३ पर्यंतच्या मुक्कामात बॉर्डननी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही काढला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघालं. इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीला त्यात मराठीही होती. आणि जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या पेट्या जात. वाचकानं शहरात यावं ही अटच नव्हती.

वाचकापर्यंत आपण पोचायचं, हा विचार पुढं वेगळ्या रूपात आला. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये सुचवलं की प्रत्येक वाचकाच्या आवडीची नोंद यंत्रात ठेवावी आणि नव्या मजकुरातलं जुळेल तेवढंच त्याला कळवावं. आपल्याकडं हे काम कात्रणांच्या फायली आणि नव्या अंकांच्या अनुक्रमणिका करत. कात्री आणि गोंदाची बाटली हीच यंत्रणा.

मार्च १९९९ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपनं आरएसएसची पहिली आवृत्ती आणली. आरएसएस म्हणजे संकेतस्थळावर नवं काय आलं ते सांगणारी फाइल, म्हणजेच फीड. २००२ मध्ये आरएसएस २.० आलं आणि २००५ मध्ये अ‍ॅटम हा फीडचा दुसरा प्रकार प्रमाणित झाला. फीडची फाइल उघडली की नुसते कोनदार कंस दिसतात आणि नवखा माणूस घाबरून खिडकी बंद करतो. पण आत साधीच माहिती असते: मथळा, दुवा, तारीख, थोडा मजकूर. रीडर ठरावीक वेळानं ती फाइल तपासतो आणि नवं असेल तेवढं पुढ्यात मांडतो. ईमेल पत्ता द्यावा लागत नाही, नको असेल तर एका क्लिकमध्ये सुटका.

शिकवण्याची बाजू लावून धरली ती अमेरिकेतल्या शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयानं. २००६ मध्ये हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी २३ छोट्या कामांचा अभ्यासक्रम आखला. ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं ती करायची. त्यात फीड आणि ब्लॉगलाइन्स हा रीडर होता. पुढं अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी हा अभ्यासक्रम उचलला. मला यात बॉर्डनच्या वर्गाचीच जात दिसते: आधी ग्रंथपाल तयार करा, वाचक मागून येतात.

ही विद्या मागं पडली ती १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाल्यावर. अनेकांनी फीडचा नादच सोडला. ज्यांनी आपल्या फीडच्या यादीची ओपीएमएल फाइल (एका रीडरमधून दुसऱ्यात यादी नेण्याची फाइल) उतरवून घेतली होती, त्यांची यादी फीडली किंवा इनोरीडर या दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी गेली. म्हणून ही फाइल काढणं पहिल्याच तासाला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या तासाला कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली घ्यावी. ती प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयात शोधाच्या निकालाचंही फीड मिळतं. ‘मराठी नाटक’ असा शोध देऊन ते रीडरमध्ये टाकलं की त्या विषयावरचं नवं पुस्तक नोंदवलं गेल्याचं घरबसल्या कळतं.