दहा मिली बाहेर, दहा मिली आत

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं, ती कावीळ आपोआप उतरते. पण आईचं रक्त आरएच निगेटिव्ह (म्हणजे तांबड्या पेशींवर आरएच घटक नसलेलं) आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं, तर आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. फुटलेल्या पेशींतून तयार होणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, भराभर चढतं, मेंदूत शिरलं तर बाळ दगावतं किंवा जन्मभराचं अपंगत्व येतं. अशा वेळी बाळाचं रक्तच बदलतात.

१९२५ मध्ये टोरांटोत डॉ. हार्ट यांनी हे केलं तेव्हा आरएच घटकाचा पत्ताही नव्हता. तो लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० मध्ये दाखवला. हार्ट यांनी डोक्यावरच्या मऊ टाळूतून रक्त काढलं आणि घोट्याजवळच्या शिरेतून नवं दिलं. वाचतानाही अंगावर काटा येतो, पण बाळ वाचलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या लुई डायमंड यांनी नाळेच्या शिरेत प्लॅस्टिकची मऊ नळी घालायला सुरुवात केली. आजही वाट तीच आहे.

तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम पाव लिटर. त्याच्या दुप्पट, म्हणजे अर्धा लिटर, दहा-दहा मिलीने काढत-घालत जायचं: पन्नासेक फेऱ्या. शेजारी सिस्टर प्रत्येक फेरी कागदावर मांडत असते, कारण हिशेब चुकला तर बाळाचं हृदय कोलमडतं. नवं-जुनं मिसळत राहतं, म्हणून एवढं करूनही सुमारे ८५ टक्केच पेशी बदलतात. साठवलेलं रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेलं सायट्रेट बाळाचं कॅल्शियम खेचून घेतं. शिळ्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं असतं. प्लेटलेट्स घटतात, जंतुसंसर्गाची, आतडं सडण्याची भीती असते.

मग वाचतात किती? १९८५ च्या एका अमेरिकी अहवालात १९० बाळांवर ३३१ वेळा रक्तबदल झाला आणि त्यामुळे गेलं एक बाळ. १९९७ च्या दुसऱ्या अभ्यासात १०६ बाळं होती. कावीळ सोडता ठणठणीत असलेल्या ८१ पैकी या उपचाराने कोणी दगावलं नाही. आधीच आजारी असलेल्या २५ पैकी दोन दगावली. त्यामुळे पालकांना नुसती सरासरी सांगणं मला अर्धवट वाटतं. आधी बाळाची अवस्था पाहायला हवी.

दरम्यान इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इस्पितळात सिस्टर वॉर्ड यांना उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा ओसरताना दिसला. त्यातून १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा पहिला लेख निघाला. १९६८ मध्ये आईच्या शरीरात ही प्रतिद्रव्यं तयारच होऊ न देणारं अँटी-डी इंजेक्शन बाजारात आलं आणि मुळावरच घाव बसला. रक्तबदल क्वचितचा झाला, आणि त्याचबरोबर तो करण्याचा सराव असलेले हातही.