खुलासा वेगळा, दुरुस्ती वेगळी

पेपरात आपल्याबद्दल चुकीचं छापून आलं की माणूस तावातावाने पत्र लिहितो आणि शेवटी हमखास एक ओळ टाकतो: ‘तरी कृपया खुलासा प्रसिद्ध करावा, ही विनंती.’ पेपराच्या बातमी डेस्कवर बसून मी अशी पत्रं वर्षानुवर्षं वाचली. बहुतेकांना हवी असते दुरुस्ती. मागतात मात्र खुलासा, आणि मग तोच मिळतो.

खुलासा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. ज्याच्याबद्दल छापलं त्याने आपली बाजू कळवायची, पेपराने ती छापायची.

गोची आहे ती बोलतंय कोण, यात. एका पतसंस्थेच्या माजी संचालकावर गुन्हा दाखल झाला होता. मथळा कॉलमात बसेना म्हणून आमच्या डेस्कवर ‘माजी’ उडवलं, आणि बातमीतही ते राहून गेलं. त्याच आडनावाचे विद्यमान संचालक सकाळी अकराला पत्र घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘या वृत्तात तथ्य नसून सदर गुन्ह्याशी माझा संबंध नाही, असे संचालकांनी कळविले आहे.’

त्या ‘असे कळविले आहे’मध्ये सगळी मेख आहे. ते तसं म्हणतात, आम्ही म्हणत नाही. वाचणारा मिशीतल्या मिशीत हसतो: आणखी काय म्हणणार! ज्यांनी मूळ बातमी वाचलीच नव्हती त्यांनाही आता प्रकरण कळलं.

दुरुस्ती अशी असते: ‘मंगळवारच्या अंकात पान ३ वरील बातमीत संचालकांवर गुन्हा दाखल झाल्याचे चुकीने प्रसिद्ध झाले. गुन्हा माजी संचालकांवर दाखल आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ इथे पेपर स्वतःच्या तोंडाने चूक कबूल करतो. म्हणूनच खुलासा छापायला संपादक लगेच हो म्हणतो, आणि दुरुस्तीचं नाव काढलं की ‘बघतो’ म्हणतो.

नाव, पद, आकडा, कलम असं काही चुकलं असेल तर दुरुस्तीच मागा आणि पत्राला कागद जोडा: एफआयआरची प्रत, सातबारा, ठराव, जे असेल ते. माहिती बरोबर आहे पण तुम्हाला विचारलंच नाही, अशी तक्रार असेल तर खुलासा.

आणि त्याचे पैसे द्यायचे नसतात! लोक जाहिरात विभागात जाऊन ‘जाहीर खुलासा’ची चौकट विकत घेतात, ते पाहून माझा जीव तुटतो. प्रेस कौन्सिल, म्हणजे पेपरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी संस्था; तिच्या आचारसंहितेप्रमाणे बाधित माणसाचं उत्तर विनामूल्य आणि ठळकपणे छापायचं असतं. संपादकाला त्या उत्तराच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर तो खाली टीप जोडू शकतो, पण हाताशी भक्कम पुरावा असेल तरच. ‘आम्ही आमच्या वृत्तावर ठाम आहोत’ एवढी नुसती शेखी म्हणजे पुरावा नव्हे. दुरुस्तीही तत्परतेने आणि ठळकपणे द्यायची असते. चूक गंभीर असेल तर दिलगिरीसकट. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ ही दिलगिरी मी दिलगिरी मानत नाही. वेबसाइटवर गुपचूप शब्द बदलून ‘केलं की दुरुस्त’ म्हणणं, ही तर चोरीच.

संपादकाने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल. ही 1978 च्या कायद्याने बसवलेली संस्था. तिच्याकडे जाण्याआधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं, म्हणून त्या पत्राची पोच जपून ठेवा. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांत तक्रार करा. कात्रण जोडा, मराठीतलं असेल तर भाषांतरही. कौन्सिल दंड करत नाही, भरपाई देत नाही; ताकीद देते, कानउघाडणी करते, ठपका ठेवते. टीव्हीवरच्या बातमीचं गाऱ्हाणं मात्र तिथे नेऊ नका, चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत.

पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस धाडणाऱ्यांना एक सांगतो: नोटीस आली की संपादक बोलायचा थांबतो आणि कागद कायदा विभागात जातो. पुढे दावा लावलात तर तो प्रलंबित असेपर्यंत कौन्सिललाही त्या विषयाची चौकशी करता येत नाही.

ते पतसंस्थेचे गृहस्थ आठवड्याने पुन्हा आले, कात्रण मुठीत चुरगाळलेलं. मी त्यांना नवीन पत्र लिहायला लावलं, ‘खुलासा’ खोडून ‘दुरुस्ती’ करायला लावलं, एफआयआरची प्रत टाचली आणि जागाही लिहायला सांगितली: पान ३. दुरुस्ती आली. पान ७ वर, हवामानाच्या खाली.